टपालातून ट्यूनिंग

केनवड, ता. रिसोड
१२ जानेवारी २०२५

रामधन,

जय भीम. तुझी तब्येत उत्तम असेल असं लिहायची पद्धत आहे, पण काल हिरीवहिनींचा फोन आला होता, म्हणून लिहीत नाही.

त्या म्हणाल्या, पावसाळ्यातल्या तापानं तुझे दोन्ही कान नेले ते नेलेच. वाशीमच्या डॉक्टरनं दिलेलं मशीन लावलं की गॅरेजमध्ये नुसती शिट्टी वाजते, म्हणून ते तू डब्यात ठेवून दिलंस. आता येत्या गुढीपाडव्याला दुकान शेजारच्या मोहनसिंगला मोबाईलच्या धंद्यासाठी देणार, पान्हे विकणार आणि घरी बसणार. "भाऊजी, हे दिवसभर घरी बसले तं मी कुठी जाऊ?" असं वहिनींनी मला विचारलं.

फोन तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस. म्हणून पत्र. बावीस वर्षं या गावच्या टपालात बसून मी लोकांच्या पत्रांवर शिक्के मारतो आहे. स्वतःचं पत्र हे पहिलंच. शिक्का मीच मारला आहे. उमटला की नाही ते पाहा.

आता माझं काम. आमच्या उकंडरावांच्या गोठ्यात कुटाराच्या ढिगाखाली एक मोटरसायकल निघाली. साडेतीनशेची, दोन सिलेंडरची, १९८६ ची. अठरा वर्षं तिच्यावर कोंबड्या बसत होत्या. उकंडराव म्हणाले, "मास्तर, गोठा झाडून दे अन् घेऊन जाय." मी झाडून दिला आणि घेऊन आलो. घरी पौर्णिमा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, तेव्हा वाटलं, आधीचे दोन दिवस बरे होते.

गाडीला कार्बोरेटर दोन आहेत. आयटीआयला आपण एका बाकावर बसायचो. तू पहिला आलास आणि मी तिसऱ्या खेपेला सुटलो, हे तुला आठवत असेलच, तू दरवर्षी आठवण करून देतोस. तेव्हा मला एक कार्बोरेटर समजला नव्हता. आता तर दोन आहेत. तू ये. पान्हे विकायचेच असतील तर माझं काम करून मग वीक.

तुझा,
सतीश पट्टेबहादूर


अनसिंग
२० जानेवारी

पोस्टमास्तर,

जय सेवालाल. शिक्का उमटला, पण उलटा मारला.

मी येत नाही. एकदा कारण सांगतो, मग विचारू नको. दोन कार्बोरेटरची गाडी कानानं लावतात. दोन्ही सिलेंडरचा आवाज मिळून एक व्हावा लागते, जसे दोन बैल एका पावलानं चालतात. मले आता हिरी कानाशी ओरडली तं तिचं तोंड उघडं दिसते, बाकी काही नाही.

दिवाळीनंतर एका शिक्षकाची साधी एक सिलेंडरची गाडी लावून दिली. तो फाट्यापर्यंत गेला अन् ढकलत वापस आला. भला माणूस, काही बोलला नाही. बोलला असन तरी मले कुठी ऐकू येते. त्याच दिवशी शटर पाडलं.

तीस वर्षं लोकं म्हणत, रामधनच्या कानात मशीन आहे. आता खरंच मशीन आहे, अन् ते डब्यात आहे.

दुकानाचं ठरलं. हिरीचं ऐकून पत्रं लिहू नको. गाडी भंगारात दे, नाही तं कोंबड्यायले वापस कर.

रामधन


केनवड
२८ जानेवारी

रामधन,

तू येत नाहीस म्हटल्यावर मीच उघडली.

दोन्ही कार्बोरेटर काढले. खालच्या वाटीत पेट्रोल वाळून त्याचा गूळ झाला होता. एका मुंगीनं बहुतेक चाखूनही पाहिला, ती तिथेच होती. माझ्या हुशारीची एक गोष्ट सांगतो. उजव्याचे भाग वेगळे आणि डाव्याचे वेगळे राहावेत म्हणून मी पौर्णिमाची दोन ताटं घेतली, एक उजवं आणि एक डावं. सगळं क्रमानं मांडलं आणि विहारात वंदनेला गेलो.

परत आलो तर पाहुणे जेवत होते. ताटं कमी पडली म्हणून पौर्णिमानं सगळे भाग एकाच परातीत ओतले होते. "लोखंडच तं आहे," ती म्हणाली. "जेवते थोडंच?"

आता परातीत दोन स्लाइड आहेत, दोन सुया, चार जेट आणि एक लवंग. जेटची भोकं बुजली होती, ती मी मोकळी केली. पुढं कळेना. तू घरी बसून तसाही काय करतोस? एवढं तरी सांग.

सतीश


अनसिंग
४ फेब्रुवारी

सत्या,

परातीचं वाचून मले तीन दिवस जेवण गेलं नाही. मी येणार आहो म्हणून हे लिहून राह्यलो असं समजू नको. राहवलं नाही म्हणून लिहितो.

एक. स्लाइड म्हणजे मूठ पिळली की वर जाते तो गोल तुकडा. त्याची एक बाजू खालून कापलेली असते. कापलेली बाजू एअर फिल्टरकडे पाहिजे. दोन्हीची. उलटी बसली तं काय होते ते तुले समजेनच, म्हणून समजू देऊ नको.

दोन. जेटात तार घालू नको. वहिनी घर झाडते त्या फड्याची मऊ काडी घाल. भोक केसभर मोठं झालं तं तो सिलेंडर जन्मभर जास्त पेट्रोल पेते, मग कितीही स्क्रू फिरव.

तीन. हवेचा स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. दोन्हीचा सारखा.

चार. दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडात एकेक बोट घाल अन् वहिनीले मूठ पिळाले लाव. दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या पाहिजेत. एक मागं राहिली तं तिची केबल ताण.

मग सुरू कर, अन् आवाज कसा येते ते नीट लिहून पाठव. लवंग वहिनीले दे.

रामधन


केनवड
१४ फेब्रुवारी

रामधन,

आधी एक खुलासा. जेटात तार मी घातलेली नाही.

आता बाकीचं. एक स्लाइड सुलटी बसली आणि एक उलटी. मला दोन्ही सुलट्याच दिसत होत्या. किक मारली आणि गाडी जी ओरडायला लागली ती थांबेना. मूठ सोडली तरी ओरडते. चावी कधीच हरवली आहे, वायरी मी नुसत्या पिळून जोडल्या होत्या, त्या घाईत मला सापडेनात. अर्धं गाव जमलं. उकंडराव लांबूनच सांगत होते, "मास्तर, तिले सोड अन् पळ!" शेवटी पौर्णिमा चिमटा घेऊन आली आणि जोडलेली वायर तिनं ओढून काढली. आयटीआय न करता. मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाली, "अनसिंगवाल्या भाऊजीयले माझा नमस्कार कळवा. जसा मी आता तुमाले करून राह्यली, तसाच." तो नमस्कार कोपरापासून होता.

स्लाइड सुलटी केली. आता गाडी सुरू होते आणि थांबतेही.

तू आवाज विचारतोस. अरे, कोणाला विचारतोस? विहारात मी वंदना म्हणायला लागलो की शेजारचे सांगतात, सतीशभाऊ, मनात म्हणा. मला ढोल आणि पेटी यांतला फरक लांबून कळत नाही. आवाज लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही. पण मी खाली बसलो आणि दोन्ही सायलेन्सरच्या मागं एकेक तळहात धरला. त्याचं लिहितो.

डाव्या हाताला हवा कोरडी लागते, एकसारखी. झोपलेल्या वासराच्या नाकापुढं हात धरावा तशी. उजव्या हाताला ओली लागते. चार ठोके बरे येतात, मग एक जड येतो, मग एक येतच नाही. तळहातावर काळे तेलकट ठिपके पडतात.

यावरून काही कळलं तर सांग. नाही तर परातीसह भंगारात देतो.

सतीश


केनवड
८ मार्च

रामधन,

तीन आठवडे झाले. वहिनी म्हणतात, माझं पत्र तू खिशात घेऊन फिरतोस, पण त्याविषयी विचारलं की उठून जातोस.

मी काही चुकीचं लिहिलं का? दुकान देऊ नको असं मी अजून एकदाही म्हटलं नाही, हे लक्षात घे. मनात रोज म्हणतो. विहारात ती सवय लागली आहे.

सतीश


अनसिंग
१५ मार्च

सत्या,

तुझा राग आला होता. मले वाटलं, तू मले शिकवून राह्यला. बहिऱ्या माणसाची कीव करून राह्यला, अन् हिरीनं तुले हे सगळं सांगून लिहाले लावलं. पत्र फाडाले दोनदा काढलं. फाडलं नाही, कारण उजव्याचा तो जड ठोका डोक्यातून जाईना.

काल आमच्या तांड्यावर होळी झाली. आमची होळी पहाटे पेटते, मग दिवसभर लेंगी गात दारोदार फिरतात. मागच्या वर्षापर्यंत डफ माझ्या हातात असे. यंदा मी घरात दडून बसलो. गाणारी मंडळी दारात आली. सगळ्यायचे तोंडं हलत होते अन् मले काही नाही. आमचे नानाजी, ऐंशी वर्षांचे, ते आत आले, माझा हात धरला अन् वाजत्या डफाच्या मागच्या अंगाले दाबला.

सतीश, डफ हाताले लागत होता. थाप कुठी जोरात, कुठी हलकी, कोणता वाजवणारा घाई करून राह्यला, सगळं. मी नानाजीले सांगितलं, तुमचा नातू घाई करते. नानाजी हसले, मले दात दिसले, जे आहेत ते.

तसाच दुकानात गेलो. शटर उघडलं. माझी स्वतःची जुनी गाडी सुरू केली अन् मागं बसून हात धरला. तू लिहिलं तसंच लागते. तीस वर्षांत मी एकदाही हात लावून पाहिला नव्हता. कान होते ना, मग हाताले कोण विचारते.

आता तुझ्या उजव्याचं. तो पेट्रोल जास्त पेऊन राह्यला. हवेचा स्क्रू पाव फेरा बाहेर काढ. मग थांब, शंभर मोज, हात धर. अजून ओला असला तं आणखी पाव. दोन्ही हाताले सारखं लागलं की मले लिही.

पाडवा पंधरा दिवसांवर आहे. मोहनसिंगले मी अजून नाही म्हटलं नाही. पण तुझी गाडी जर हाताच्या गोष्टीवरून टपालानं लागली, तं मले त्याच्याशी बोलावं लागन.

रामधन


केनवड
१९ मार्च

रामधन,

लागली! अर्धा फेरा बाहेर काढला आणि दोन्ही हातांना अगदी सारखं. डावा कोणता आणि उजवा कोणता ओळखू येत नाही. पौर्णिमानंही हात धरून पाहिला. उकंडराव म्हणाले, नवी होती तेव्हाही अशी नव्हती.

मोहनसिंगशी बोल. आजच बोल.

सतीश


अनसिंग
२२ मार्च

सत्या,

एवढं लहान पत्र तू कधी लिहीत नाही. काय झालं?

हात लावल्याशिवाय मी मोहनसिंगले काही सांगत नाही. उकंडरावची लेक इकडे अनसिंगले दिली आहे ना? या गुरुवारी ते लेकीकडे येणार आहेत असं हिरीले समजलं. त्यायच्या पिकअपात गाडी टाकून दे.

रामधन


केनवड
२६ मार्च

रामधन,

गाडी उद्या उकंडरावांबरोबर पाठवतो. मला टपालातून सुट्टी मिळणार नाही, म्हणून येत नाही.

रस्त्यात धक्के बसतात. धक्क्यांनी काही इकडचं तिकडं झालं तर गाडीला दोष देऊ नको.

सतीश


अनसिंग
३१ मार्च

पोस्टमास्तर,

गाडी गुरुवारी आली. उकंडरावनं ती उतरवली अन् बोलाले लागले. मी कानाले हात लावून दाखवला तं ते आणखी जोरात बोलाले लागले. पुढचं बोलणं मले हिरीनं नंतर पाटीवर लिहून दाखवलं.

मी गाडी सुरू करून मागं बसलो अन् दोन्ही हात धरले. उकंडराव हिरीले म्हणाले, "काहो बाई, हे काय करून राह्यले? एवढ्या उन्हात हात शेकून राह्यले काय?"

हिरी म्हणाली, "चूप बसा बावा. मले बी समजत नाही. पण पाच महिन्यानं माणूस दुकानात बसला आहे."

"अशानं गाडी दुरुस्त होते काय?"

"तुमी पाच मिंट बोलले नाही तं होईन."

त्याच वेळेस मोहनसिंग टेप घेऊन आला, काउंटरचं माप घ्याले. माप घेताना टेपचं एक टोक त्यानं मलेच धराले दिलं. मी ते एका हातानं धरलं, दुसरा हात उजव्या सायलेन्सरमागं होता. अन् मले समजलं.

सत्या, उजवा लागला नाही. धक्क्याचं सांगू नको. बारा ठोक्यात एक जड येते, तळहात ओला होते. स्क्रू त्याच्याआधीच इकडे-तिकडे फिरवून पाहिला होता, जड ठोका जागचा हलला नाही. म्हणजे स्क्रूचं काम नाही, जेटाचं आहे. मी टेप सोडून दिला. तो सर्रकन मोहनसिंगच्या बोटावर गेला, त्याची माफी नंतर मागितली. कार्बोरेटर उघडला. उजव्याच्या जेटाचं भोक लांबट झालं आहे, जसं काही जाड अन् टोकदार घालून फिरवलं.

तू लिहिलं, तार घातली नाही. मग काय घातलं? अन् लागली म्हणून काहून लिहिलं? रोज पंचशील म्हणतो, त्यातलं खोटं न बोलायचं ते मुसावादा कितव्या नंबरवर येते?

मले खरंच राग आला. पंधरा मिंट. हिरीले वाटलं, मी पुन्हा शटर पाडतो. पण शटरशी गेलो अन् उभाच राहिलो. तू खोटं लिहिलं अन् ते माझ्या हातानं पकडलं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मदत केली नव्हती, उकंडराव तं उलट अडथळाच होते. तू खरं लिहिलं असतं तं मी फक्त तुझं वाचून हो म्हटलं असतं. मग पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळेस पुन्हा भ्यालो असतो.

माझ्या डब्यात त्या मापाचं जुनं जेट होतं. ते बसवलं. शंभर मोजले. दोन्ही हाताले वासरू.

मोहनसिंगले चहा पाजला अन् नाही म्हटलं. तो चिडला असावा. मले ऐकू आलं नाही, एवढा एक फायदा.

काल पाडवा झाला. पान्ह्यायची पूजा केली.

रामधन


केनवड
४ एप्रिल

रामधन,

दाभण.

टपालाच्या थैल्या शिवायचं दाभण. खणात हाताशी होतं. ते जेटात अगदी नेमकं बसलं, तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं होतं. मग तार घालू नको म्हणणारं तुझं पत्र आलं. तार घातली नाही हे खरंच होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. अर्धं खरं लिहिलं की मनाला बरं वाटतं. मग पुरतं खोटं लिहायला फार धीर लागत नाही, हेही कळलं.

स्क्रू मी अर्धा नाही, दोन फेरे फिरवला होता. उजवा ओलाच राहिला. पौर्णिमानं हात धरून पाहिला होता आणि म्हणाली होती, "हे सारखं नाही." पत्र टाकून आल्यावर मी तिला म्हटलं, सारखं आहे असंच लिहिलं, नाही तर तो पाडव्याला दुकान देऊन टाकेल. ती म्हणाली, "अन् त्यायनं त्याच्यावर विसंबून दुकान ठेवलं, अन् हाताले काही समजलंच नाही तं? मग लोकं पुन्हा गाड्या ढकलत येतील, अन् त्यायले ते तोंडावर सांगणार बी नाहीत." याचा मी विचार केला नव्हता. पण पत्र तोवर थैलीत गेलं होतं, आणि थैली मी शिवली होती. त्याच दाभणानं.

मुसावादा चौथ्या नंबरवर येतो. त्या दिवसापासून मी चौथ्यापाशी थांबायला लागलो आहे. विहारात सगळ्यांना वाटतं, हा बेसूर माणूस पुढची ओळ विसरला. आज पत्र टाकून जाईन तेव्हा न थांबता म्हणेन.

गाडीला आता हात लावणार नाही. चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीत ती चालवावी अशी फार इच्छा आहे. पण तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर उकंडरावांना पाठवतो.

सतीश


अनसिंग
८ एप्रिल

सत्या,

उकंडरावले पाठवू नको. हात जोडतो. स्वतः ये. बारा तारखेले शनिवार आहे, टपाल लवकर बंद कर. एसटीनं ये, गाडीनं जाय. वहिनीले आण, तिच्याशी कामाचं बोलता येते. वायर ओढाले माझ्या दुकानात असं माणूस पाहिजेच.

मी आत, मागं वाकून बसलेला असतो. दारातून हाक मारू नको, उपयोग नाही. गिऱ्हाईक अर्धा अर्धा घंटा उभं राहून निघून जात होतं, म्हणून मी दारापासून माझ्या पाटापर्यंत सागाची एक लांब फळी टाकली आहे. आल्यावर तिच्यावर पाय आपटायचा, मले बसल्या जागी कळते. आठ दिवसांत माणसं ओळखू येऊन राह्यली. शिक्षक हलका आपटतात, दोनदा. तोच शिक्षक, फाट्यापासून ढकलत आला होता तो. काल आला, गाडी घेऊन गेला अन् ढकलत वापस आला नाही. मोहनसिंग अजूनही एकदाच आपटते, रागानं.

तू कसा आपटतो ते पाहू. तालात आपटला नाही तं मी समजून जाईन की तूच आला.

रामधन